सरकारी कार्यालयात सत्यनारायण असावा का?

शुभदा_महाल | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

मी नागपुरात एका सरकारी कार्यालयात २२ वर्षं नोकरी करते. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मागच्या आठवड्यात आमच्या तळमजल्याचं नूतनीकरण पूर्ण झालं आणि त्यानिमित्त सत्यनारायण घातला. माणशी दोनशे रुपये वर्गणी. चार नंबरच्या खिडकीमागचं टेबल सरकवून चौरंग मांडला, चारी बाजूंनी केळीचे खांब बांधले, संगणकांनाही हळदकुंकू वाहिलं. अकराला पूजा सुरू झाली. पाचही खिडक्यांच्या काचांवर आतून कागद चिकटवले होते : 'पूजा सुरू आहे. सहकार्य करावे.'

मी श्रद्धाळू आहे. श्रावणात घरी सत्यनारायण करते, आणि त्या दिवशीचा शिराही मीच केला होता. दीड वाजता द्रोण घेऊन बाहेर वाटायला गेले. बाकावर काटोलकडचे एक आजोबा बसले होते. नातवाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. हातात सतरा नंबरचं टोकन, ते घामाने पार मऊ झालेलं. त्यांनी द्रोण आधी कपाळाला लावला, मग विचारलं, "बाई, खिडकी केव्हा उघडते? अडीचची गाडी हाय."

दुसरी गोष्ट आमच्या शिपायाची. ते बौद्ध आहेत. वर्गणीची यादी सूचनाफलकावर लागली होती, त्यात त्यांच्या नावापुढे दोनशेच्या रकान्यात टिकमार्क होती. पूजेच्या वेळी ते गेटपाशी स्टुलावर बसून होते. 'प्रसाद नाही घेतला का?' असं दोघातिघांनी त्यांना हसत हसत विचारलं. मीही त्यातली एक होते. तेव्हापासून मला चैन नाही.

सरकारी जागेत, कामाच्या वेळेत हे असावं का? बाकीच्या लोकशाही देशांत काय करतात? कृपया राजकीय पक्षांची भांडणं इथे आणू नका, मनापासून विचारते आहे.

बर्डीकर | सोमवार, रात्री ९:४०

ताई, काहून इतकं मनाला लावून घेता? तुमचा हेतू चांगलाच होता ना. खंडेनवमीले एसटीच्या डेपोत गाड्यांची पूजा होते, कारखान्यात यंत्राची होते, पोलिसायच्या हत्यारांची होते. नवीन वास्तूत शिरताना चार अक्षता टाकल्या तर सरकार काही कोण्या धर्माचं होऊन जात नाही. हे आपल्या मातीतलं आहे. खिडक्या बंद ठेवल्या ते मात्र चुकलं, ते मान्य. पूजा सकाळी आठले करायची होती.

वाचनवेडा | सोमवार, रात्री ९:५५

वाचतो आहे. चांगला विषय.

निळी_पहाट | सोमवार, रात्री १०:३०

शुभदाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तो गेटपाशी बसलेला माणूस मी ओळखते. म्हणजे त्यांना नाही, माझ्या बाबांना. ते इथेच, दुसऱ्या एका कार्यालयात, एकतीस वर्षं होते. असा काही कार्यक्रम असला की सकाळी आई विचारायची, "आज डबा देऊ की बाहेर खाल?" कारण त्या दिवशी ते चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. कुणी त्यांना वाईट बोललं नाही, कुणी अपमान केला नाही. फक्त दरवर्षी त्यांना चारचौघांत एकदा सांगावं लागायचं की मी तुमच्यातला नाही. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या समोर उभं राहून २२ प्रतिज्ञा घेतल्या. त्यातल्या पहिल्याच प्रतिज्ञा हिंदू देवदेवता न मानण्याच्या, त्यांची पूजा न करण्याच्या आहेत, हे नागपुरात कुणाला सांगावं लागू नये. त्या माणसाच्या घरात हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, शब्द पाळण्याचा आहे.

बर्डीकर दादा, सकाळी आठला केली असती तरी फलकावर यादी लागलीच असती ना? वर्गणी ऐच्छिक असेल तर यादी कशाला?

बर्डीकर | सोमवार, रात्री १०:४८

यादीचा मुद्दा पटला. ते डोक्यात आलं नव्हतं.

वकील_सिव्हिललाइन्स | मंगळवार, सकाळी ७:२०

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण 'घटनेत बंदी आहे' आणि 'घटनेत काहीच नाही' अशी दोन्ही टोकाची विधानं पुढे येणारच आहेत.

'सरकारी कार्यालयात पूजा करू नये' असं कलम राज्यघटनेत नाही. कलम २५ प्रत्येकाला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्चायचा असा कर कुणावर लादता येणार नाही. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत आला. १९९४ च्या बोम्मई खटल्यात ९ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा भाग असल्याचं स्पष्ट केलं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्याच आवारातल्या बांधकामाचं भूमिपूजन झालं, त्याविरुद्ध एकाने याचिका केली. २०११ मध्ये ती फेटाळली आणि त्याला वीस हजारांचा भुर्दंड बसला. दुसरीकडे आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाची बाजू घेतली. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नव्हते. न्यायालयाने सांगितलं, हात जोडायची सक्ती करता येणार नाही. २०१४ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं की सरकारी अर्जात 'मला कोणताही धर्म नाही' असं लिहायचा नागरिकाला हक्क आहे.

म्हणजे आपली न्यायालयं समारंभाला सहसा हात लावत नाहीत, सक्ती दिसली की मात्र थांबवतात. शुभदाताईंच्या कार्यालयात सक्ती होती का? कागदोपत्री नव्हती. पण फलकावरची यादी ही सक्तीचीच सख्खी बहीण आहे.

टेकडी_रोड | मंगळवार, सकाळी ८:०५

वकीलसाहेब, सकाळी सातला चार कलमं पचवायला लावलीत. आता तर्री पोहे खाऊन येतो आणि मग सावकाश पुन्हा वाचतो. :)

नागोयातून | मंगळवार, सकाळी ९:१५

मी जपानात अकरा वर्षं आहे, माहेर प्रतापनगरचं. शुभदा, तुझ्या प्रश्नाशी थेट जुळणारा खटला इथल्या सर्वोच्च न्यायालयात झाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जपानमध्ये बांधकाम सुरू करण्याआधी शिंतो या इथल्या जुन्या धर्माचा पुजारी बोलावून जमीन शुद्ध करून घेतात. त्याला 'जिचिनसाई' म्हणतात. चार कोपऱ्यांना हिरवे बांबू उभे करून दोरी बांधतात, मध्ये तांदूळ, मीठ, साके. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून 'अगंबाई, हे तर आपलं भूमिपूजन' असंच निघालं. तर १९६५ मध्ये त्सु नावाच्या शहरात (आमच्यापासून रेल्वेने तासाभरावर) पालिकेने व्यायामशाळा बांधायला घेतली आणि हा विधी पालिकेच्या पैशातून केला. एकूण खर्च ७,६६३ येन, म्हणजे किरकोळच. पण पालिकेचा एक सदस्य कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, रक्कम किती हा प्रश्नच नाही, माझ्या शहराने एका धर्माचा विधी का करावा?

दुसऱ्या महायुद्धाआधी इथे शिंतो आणि सरकार एकमेकांत पूर्ण मिसळून गेले होते. त्याचे परिणाम भोगल्यावर १९४७ च्या राज्यघटनेत कलम २० आणि ८९ घालून दोन्ही वेगळे केले. त्यामुळे हा खटला बारा वर्षं चालला. १९७१ मध्ये नागोया उच्च न्यायालयाने विधी घटनाबाह्य ठरवला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० विरुद्ध ५ मतांनी तो निकाल फिरवला. हा आता सामाजिक रिवाज झाला आहे, यातून कुठल्या धर्माला बळ मिळत नाही किंवा कुणावर दबाव येत नाही, असं बहुमताचं म्हणणं होतं. विरोधातल्या पाचांमध्ये खुद्द सरन्यायाधीश होते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९९७ मध्ये एहिमे प्रांताने यासुकुनी या शिंतो देवस्थानाला सरकारी पैशातून दिलेलं दान न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. २०१० मध्ये होक्काइदोतल्या सुनागावा शहराने एका देवळाला फुकट वापरू दिलेली जमीनही. म्हणजे रिवाज म्हणून थोडं सोडलं, पण देवस्थानाच्या पदरात सरकारी माप पडायला लागलं तिथे अडवलं.

बर्डीकर | मंगळवार, सकाळी ११:०२

@नागोयातून, हे फारच छान सांगितलं तुमी. पाहा, दहा न्यायाधीश माझ्याच बाजूने आहेत. :) पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. धर्म आणि सरकार वेगळं ठेवायचं तर दोन्हीकडून ठेवा ना. पंढरपूरचा कायदा सरकारने केला, शिर्डीचा केला, सिद्धिविनायकाचा केला. विश्वस्त सरकार नेमते. आषाढीची महापूजा मुख्यमंत्री करतात. मंदिराच्या दानपेटीशी सरकारचा संबंध चालतो, आणि हापिसात केळीचा खांब चालत नाही? हे मले समजत नाही. रागाने नाही, खरंच विचारून राहिलो.

कन्हान_काठ | मंगळवार, दुपारी १:३०

बर्डीकर भाऊंचा प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त मंदिरांपुरता नाही. वक्फ मंडळ आहे, गुरुद्वारांसाठी १९२५ चा कायदा आहे. सगळीकडे सरकारचा हात आहे.

मी कामठीचा. घरी उर्दू, शाळा मराठी. हज सबसिडीचं उदाहरण देतो, कारण त्यावरून वीस वर्षं आम्हाला टोमणे ऐकावे लागले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणून सांगितलं, २०१८ मध्ये सरकारने ती पूर्ण बंद केली. आमच्या मोहल्ल्यात त्याचं कुणाला दुःख झालं नाही. माझे वडील तर म्हणाले, "इबादतीला निघालेल्या माणसाने सरकारचे पैसे घेऊन जाऊ नये." मलाही तेच वाटतं. माझी अपेक्षा एवढीच की माप सगळ्यांना सारखं लावा.

प्रसादाचं म्हणाल तर मी घेतो. शेजाऱ्याच्या घरचा घेतो, मित्राच्या दुकानातला घेतो. माझ्याकडचा शीरखुर्माही ते आवडीने पितात. ते आमचं आपसातलं प्रेम आहे. पण कार्यालयात, माझी फाईल ज्यांच्या टेबलावर अडली आहे त्यांनी द्रोण पुढे केला, तर तो घेताना माझ्या मनात शंभर विचार येतात. नाही म्हटलं तर फाईलचं काय होईल? तोच शिरा, तोच द्रोण, पण तिथे मी मोकळा नसतो.

निळी_पहाट | मंगळवार, दुपारी १:४१

@कन्हान_काठ, शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, फक्त 'पुन्हा वाच' म्हणाले.

वकील_सिव्हिललाइन्स | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

बर्डीकरांना उत्तर देणं भाग आहे.

अमेरिकेने धर्म आणि सरकार यांच्यात भिंत बांधली. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती : संसद कोणताही धर्म प्रस्थापित करणार नाही, आणि धर्म पाळण्याच्या आड येणार नाही. 'भिंत' हा शब्द अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांच्या १८०२ च्या पत्रातला. आपल्या घटनाकारांना तशी भिंत परवडली नसती. कारण इथे देवळाच्या दारातच माणसाला माणूस अडवत होता. सरकारने 'हा धर्माचा अंतर्गत प्रश्न' म्हणून पाठ फिरवली असती तर मंदिरप्रवेशाचा कायदा झाला नसता. म्हणून कलम २५ मध्येच दोन खिडक्या ठेवल्या : धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय व ऐहिक व्यवहारांवर नियंत्रण, आणि सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करणं. पंढरपूरचा १९७३ चा कायदा त्यातूनच आला. तिथल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे पिढीजात हक्क त्याने संपवले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झालं.

पण तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. हिशेब तपासणं वेगळं आणि कायमचा कारभार हातात ठेवणं वेगळं. महापूजेचंही मला अवघड वाटतं. मुख्यमंत्री वारकरी म्हणून रांगेतून गेले तर कुणाची ना नाही, पण ती 'शासकीय' महापूजा असते, हा शब्द मला खटकतो. आणि घटनेतच एक कलम २९०-क आहे. त्यानुसार केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला द्यावे लागतात. संस्थान विलीन होतानाच्या वचनातून ते आलं. आपली घटना एका रेषेत चालणारी नाही. ज्या समाजासाठी ती केली, तोही तसा नव्हता.

लिऑनकर_मृण्मयी | मंगळवार, रात्री ११:५५

फ्रान्सबद्दल मी सांगते, कारण 'खरी धर्मनिरपेक्षता फ्रान्समध्ये' असं कुणीतरी लिहिणारच.

९ डिसेंबर १९०५ चा कायदा. प्रजासत्ताक कोणत्याही धर्माला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. ऐकायला लख्ख वाटतं. पण १९०५ च्या आधी बांधलेली चर्चं त्या त्या गावच्या पालिकेच्या मालकीची आणि कथेड्रल सरकारच्या मालकीची आहेत. २०१९ मध्ये नोत्र दाम जळालं ते सरकारच्या मालकीचं होतं. अल्सास आणि मोझेल या भागात तर आजही पाद्री आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) यांना सरकार पगार देतं, कारण १९०५ मध्ये तो भाग जर्मनीकडे होता आणि परत आला तेव्हा जुनीच व्यवस्था चालू ठेवली.

टाऊन हॉलमध्ये, टपाल कार्यालयात, खिडकीमागच्या माणसाने गळ्यात क्रॉस दिसेल असा घालायचा नाही, डोक्यावर स्कार्फ नको, काही नको. हे मला पटतं. तो तिथे स्वतः नसतो, सरकार म्हणून बसलेला असतो. पण २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या मुलामुलींनाही ठळक धार्मिक चिन्हं बंद केली, ते मला आजही पटलेलं नाही. माझ्या लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण रोज फाटकापाशी थांबायची, डोक्यावरचा रुमाल काढून घडी करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायची आणि मग आत जायची. संध्याकाळी त्याच फाटकापाशी पुन्हा बांधायची. बारा वर्षांची मुलगी काही सरकार नाही. सरकारने धर्मापासून लांब राहायचं होतं, तिथे त्या पोरीलाच तिच्या धर्मापासून लांब उभं केलं.

म्युनिकची_आत्या | बुधवार, पहाटे २:१०

आमच्याकडे अजून तिसरीच तऱ्हा. पहिल्यांदा घराचा पत्ता नोंदवायला गेले तर अर्जात धर्माचा रकाना. मी बिचकले. नंतर कळलं, चर्चचा कर सरकारच गोळा करून देतं. प्राप्तिकराच्या ८ टक्के आमच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आणि शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, बाकी जर्मनीत ९ टक्के. नको असेल तर अधिकृतपणे चर्च सोडायचं, तेही सरकारदरबारी जाऊन. हिंदूंना हा कर लागू नाही.

शुभदाच्या प्रश्नाशी जवळचं हे : २०१८ पासून बायर्नमध्ये राज्य सरकारच्या कार्यालयांच्या प्रवेशदारात क्रॉस लावायचा आदेश आहे. 'हा आमच्या संस्कृतीचा ठेवा आहे, धर्माचा प्रश्न नाही' असं सरकार म्हणालं. लोक कोर्टात गेले, २०२३ च्या डिसेंबरमध्ये हरले. गंमत म्हणजे पुष्कळ धार्मिक मंडळींनीच तेव्हा विरोध केला होता. क्रॉसला नुसता ठेवा म्हणता, आमच्यासाठी तो त्याहून फार मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं.

बर्डीकर | बुधवार, सकाळी ८:३०

आत्या, हे शेवटचं मनाला लागलं. 'नुसती संस्कृती आहे' म्हणून मीही वर तेच लिहिलं होतं. माझी आई सत्यनारायणाच्या दिवशी पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा पीत नव्हती. तिच्यासाठी ती नुसती संस्कृती नव्हती. हापिसात चहा पिता पिता, मोबाईलवर बोलता बोलता होते ती पूजा तिले आवडली असती का, सांगता येत नाही.

काटोल_नाका_गुरुजी | बुधवार, दुपारी ४:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तात्त्विक चर्चा ठीक, पण आमच्यासारख्यांना रोज सकाळी साडेदहाला निर्णय घ्यावा लागतो.

माझ्या वर्गात २८ मुलं. पाच मुस्लिम, नऊ बौद्ध, दोन गोंड, बाकी हिंदू. सरस्वतीच्या फोटोला हार घालायचा का? पोळ्याला मातीचे बैल करायचे का? मारबतीची, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेतात त्या पुतळ्यांची, गोष्ट सांगायची का? मी असं ठरवलं आहे : जे मुलं हाताने करतात, खातात, पाहतात ते सगळं शाळेत येऊ द्यायचं. तान्ह्या पोळ्याला सगळी मुलं लाकडी बैल आणतात, एकही मागे राहत नाही. पिवळी आणि काळी मारबत पाहायला गेलो तेव्हा तर मलाच त्यांना आवरता आलं नाही. पण हात जोडायची वेळ आली की मी कुणाला सांगत नाही. प्रार्थनेऐवजी आम्ही उद्देशिका म्हणतो आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसतो. डोळे मिटून कुणी काय आठवावं हे मी विचारत नाही.

एका पालकाने तक्रार केली होती की गुरुजी देवाला शाळेबाहेर काढतात. त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, तासभर बोललो. पटलं असं नाही, पण तक्रार मागे घेतली.

जुना_नागपूरकर | बुधवार, रात्री ९:००

थोडं अवांतर, पण नागपूरकरांना ठाऊक असावं म्हणून लिहितो.

१७ ऑक्टोबर १९४९. घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. हरि विष्णू कामथ यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. हे कामथ मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे त्या वेळी राजधानी असलेल्या आपल्या नागपूरच्या प्रांताचे. आयसीएसची, म्हणजे इंग्रज सरकारची वरिष्ठ नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला माणूस. सभागृहात अनेकांना अवघडल्यासारखं झालं. देवाला मताला टाकू नका, असं समजावणारेही होते. तरी मतदान झालंच : बाजूने ४१, विरोधात ६८. म्हणून आपली घटना 'आम्ही, भारताचे लोक' इथून सुरू होते. विरोधात मत देणाऱ्यांत घरी रोज देवपूजा करणारे कितीतरी असतील. देव मानणं आणि देवाच्या नावाने राज्य चालवणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, के. टी. शहा यांनी 'सेक्युलर' शब्द घटनेत घालायची सूचना केली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही आणि सभागृहानेही नाही. म्हणजे देवाचं नावही आलं नाही आणि तो शब्दही आला नाही, तो आला पुढे १९७६ मध्ये.

आणखी एक. १९५४ मध्ये मध्यप्रदेश सरकारने, तेव्हाही राजधानी नागपूरच, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये अहवाल आला, त्यात धर्मांतरावर निर्बंध सुचवले होते. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षा घेणाऱ्यांत नियोगीही होते. या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा मी पन्नास वर्षं विचार करतो आहे. सरकारने धर्मांतरावर लक्ष ठेवावं म्हणून लिहिणाऱ्याला स्वतःचा धर्म बदलताना कुणाचीही परवानगी घ्यावी लागली नाही. ते स्वातंत्र्य सगळ्यांना असावं असं मला वाटतं.

वाचनवेडा | बुधवार, रात्री ९:२०

काका, यावर वेगळा धागा काढा. नियोगींचं माहीत नव्हतं.

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री १०:०५

मला वाटतं घोळ शब्दात आहे. हिंदी उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. मराठीत धर्म म्हणजे कर्तव्यही. 'शेजारधर्म' म्हणतो, तो काही सरकारने सोडायचा नाही. आणि 'सर्वधर्मसमभाव' ही तर तिसरीच गोष्ट. तिचा अर्थ लोक असा लावतात की सत्यनारायण केला, आता इफ्तार करा, मग नाताळचा केक कापा. पण ज्याला यातलं काहीच नको त्याचा समभाव कुठे बसवायचा? 'इहवादी' हा जुना शब्द मला जास्त नेमका वाटतो. सरकारने इहलोकाचं पाहावं : दाखला, रेशन, रस्ता, दवाखाना.

निळी_पहाट | गुरुवार, सकाळी ७:४५

@शब्दवेल्हाळ, इहलोकाचं पाहावं हे पटलं, पण मग एक अडचण माझ्याही घरची आहे, ती लपवत नाही. दीक्षाभूमीच्या विकासासाठी सरकारचा निधी येतो. ताजबागच्या दर्ग्यासाठी आला, कोराडीच्या देवळासाठी आला. मला दीक्षाभूमीवर खर्च झालेला आवडतो, हे खरं आहे. मग मी कोणत्या तोंडाने दोनशे रुपयांच्या वर्गणीवर बोलू? रात्री बाबांशी यावर बोलले. ते म्हणाले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, त्यांना नळ, संडास, दिवे, डॉक्टर देणं हे सरकारचं कामच आहे. माणूस कुठल्या धर्माचा हे न पाहता तहानलेल्याला पाणी द्यावं. पण स्तूपाच्या आवारात काय असावं ते सरकारने ठरवू नये. १ जुलै २०२४ ला भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उठले ते याचसाठी. पैसा सरकारचा आला की आराखडाही सरकारचा येतो. काम थांबवावं लागलं.

कन्हान_काठ | गुरुवार, सकाळी ८:१०

बाबांना माझा सलाम सांगा. ताजबागच्या उरुसालाही हेच लागू. पाणी द्या, दिवे द्या, बाकीचं दर्ग्यावाले पाहतील.

टेकडी_रोड | गुरुवार, दुपारी १२:३०

मंडळी, सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताई कुठे आहेत? काटोलच्या आजोबांना दाखला मिळाला का, मला ते जाणून घ्यायचं आहे.

शुभदा_महाल | शुक्रवार, रात्री ८:५०

इथेच आहे, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आजोबांची गाडी चुकली होती. दाखला दुसऱ्या दिवशी झाला, मी स्वतः खिडकीवर बसून करून दिला. त्यांनी त्याचंही अप्रूप मानलं, मला मान वर करवेना.

आज जेवणाच्या सुट्टीत शिपाईभाऊंशी बोलले. २२ वर्षांत पहिल्यांदा या विषयावर. मी माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही विचारलं तेव्हा हसला होतात, म्हणून वाईट नाही वाटलं. न हसता विचारणारे असतात." मग म्हणाले, दोनशे रुपयांचं काही नाही, पण घरी मुलाने यादीचा फोटो पाहिला आणि 'पप्पा, तुम्ही पण?' म्हणाला.

साहेबांना भेटले. ते म्हणाले, लेखी द्या, बैठकीत ठेवतो. कच्चा मसुदा असा :

'कार्यालयीन वेळेत नागरिकांच्या खिडक्या बंद ठेवून कोणताही धार्मिक विधी करू नये. कोणत्याही धार्मिक कार्यक्रमाच्या वर्गणीची यादी सूचनाफलकावर लावू नये. ज्यांना असा कार्यक्रम करायचा आहे त्यांनी तो सुट्टीच्या दिवशी, स्वखर्चाने, कार्यालयाबाहेर करावा.'

सुधारणा सुचवा.

वकील_सिव्हिललाइन्स | शुक्रवार, रात्री ९:१५

'कोणताही' आणि 'कोणत्याही' हे दोन्ही शब्द राहू द्या, तेच महत्त्वाचे आहेत. कलमांचे आकडे घालू नका. घातले की बैठक कलमांवरच अडून बसेल.

बर्डीकर | शुक्रवार, रात्री ९:३२

ताई, एक सांगू? 'करू नये, लावू नये' हे वरून हुकूम आल्यासारखं वाटून राहिलं. 'आपण करणार नाही, आपण लावणार नाही' असं लिहा. पूजा करणाऱ्यालेही सही करावीशी वाटेल. मी तुमच्या हापिसात असतो तर केली असती.

लिऑनकर_मृण्मयी | शुक्रवार, रात्री ९:४०

बर्डीकरांची सुधारणा घ्याच. आणि कुणी गळ्यात काय घालावं, कपाळाला काय लावावं याबद्दल एक अक्षर लिहू नकोस.

निळी_पहाट | शुक्रवार, रात्री १०:०५

शिपाईकाकांची सही मागू नका, ताई. निदान आधी तरी नको. नाहीतर पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याच नावाकडे जातील. त्यांना करायची असेल तर ते करतील.

शुभदा_महाल | शुक्रवार, रात्री १०:२०

बरोबर आहे. 'आपण करणार नाही' असंच लिहिलं. पहिली सही माझी आहे, खाली कोरी जागा सोडली आहे. सोमवारी पावणेदहाला आवक-जावकला देते. क्रमांक मिळाला की इथे टाकते.